स्वतःची इंटरनेट कंपनी काढायचीय, किती पैसे लागतील? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई नमस्कार, आमची बाणेरला ८४ फ्लॅटची सोसायटी आहे. कमिटीत असं चाललंय की सोसायटीच्या नावावर १ जीबीपीएसची एकच लाईन घ्यायची, स्विच टाकून सगळ्या घरात द्यायची आणि मेंटेनन्सबरोबर महिना २५० रुपये घ्यायचे. सगळ्यांचे पैसे वाचतील. यात काही अडचण आहे का?

उत्तर: आहे, आणि मोठी आहे. पैसे घेऊन इंटरनेट वाटलं की ती टेलिकॉम सेवा होते, त्याला सरकारची परवानगी लागते, आणि २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन कायद्यात विना परवानगी सेवा दिली तर ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. तुमच्या चेअरमनना कोणी लगेच धरून नेईल असं मी म्हणत नाही, पण उद्या ८४ पैकी एका घरातून कोणी फ्रॉड केला तर पोलीस येणार सोसायटीच्या नावावर, कारण लाईन त्या नावावर आहे, आणि कुठल्या फ्लॅटमधून झालं हे सांगायला तुमच्याकडे रेकॉर्ड नसणार.

त्यापेक्षा हे करा. जिन्याच्या डक्टपासून प्रत्येक फ्लॅटपर्यंतची फायबर सोसायटीने स्वतःच्या खर्चाने टाकून घ्या, ती तुमची मालमत्ता. मग दोन तीन लायसन्स असलेल्या कंपन्यांना बोलवा आणि ८४ घरांचा ग्रुप रेट मागा. वायर तयार असली की कंपनीचा घरामागचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो त्यामुळे रेट पण खाली येतो, आणि सर्व्हिस नाही आवडली तर वायर न हलवता कंपनी बदलता येते.

प्रश्न: ताई, मी धायरीचा. वडिलांनी २२ वर्षं केबल चालवली, एकेकाळी ९०० कनेक्शन होती आता ३४० राहिलीत, बाकी सगळे मोबाईल नाहीतर ओटीटीवर गेले. मी तीन वर्षांपूर्वी एका इंटरनेट कंपनीची फ्रँचायजी घेतली, १६० नेट कनेक्शन झालीत, ५० टक्के मला मिळतात. पण कंप्लेंट आली की कंपनीवाले फोन उचलत नाहीत आणि शिव्या मी खातो. म्हणून स्वतःचं लायसन्स घ्यायचा विचार आहे. हातात १२ लाख आहेत, आई म्हणते दागिने ठेवून अजून ३ होतील. सोबत कोटेशन पाठवलीत. १ जीबीपीएस बँडविड्थ महिना ८५ हजार, मशिनरी सगळी मिळून ३ लाख ४० हजार. कुठलं लायसन्स घेऊ, एकूण किती लागतील आणि घ्यावं का?

उत्तर: पहिल्यांदा आईंना सांगा दागिने कपाटातच राहू देत. त्याचं कारण पुढे हिशोबात येईलच.

आम्ही सिंहगड रोडला १४ वर्षं हाच धंदा करतोय, मिस्टर लाईनवर असतात आणि लायसन्सचे कागद, हिशोब आणि कंप्लेंटचा फोन माझ्याकडे, त्यामुळे तुमचा तो शिव्या खाण्याचा मुद्दा मला अगदी कळतो. पण रागाने लायसन्स घेऊ नका. आकड्याने घ्या.

लायसन्सचंच आधी सांगते कारण सगळ्यांना वाटतं खरा खर्च तिथे आहे, आणि तसं अजिबात नाहीये. २०१३ पासून जे युनिफाइड लायसन्स आलं त्यात इंटरनेटचे तीन प्रकार. ए म्हणजे अख्खा देश, एंट्री फी ३० लाख. बी म्हणजे एक टेलिकॉम सर्कल, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा, मुंबई सोडून, फी २ लाख. आणि सी म्हणजे एक एसएसए, पुण्याचा एसएसए म्हणजे ढोबळमानाने पुणे जिल्हा, फी फक्त २० हजार. शिवाय अर्जाची प्रोसेसिंग फी, सी ला १० हजार आणि बी ला १५ हजार. बँक गॅरंटी वेगळी द्यावी लागते पण २०२१ च्या सुधारणांमधे तिची रक्कम एकदम खाली आणली, सी ला ती किरकोळ आहे. अर्ज टेलिकॉम खात्याच्या सरल संचार पोर्टलवर. एवढं लक्षात ठेवा की नव्या कायद्याने लायसन्सच्या जागी ऑथोरायझेशन ही पद्धत आणलीय, म्हणून पैसे भरायच्या दिवशी पोर्टलवर त्या दिवशीचे नियम आणि फी बघूनच भरा, एजंटने दिलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

आणि वडिलांच्या केबलच्या रजिस्ट्रेशनवर हे होत नाही, कंपनी कायद्याखाली प्रायव्हेट लिमिटेड काढावी लागेल. सीएला सांगा मेमोरँडममधे टेलिकॉम आणि इंटरनेट सेवा हा उद्देश स्पष्ट लिहा, नाहीतर अर्ज परत येतो आणि दोन महिने त्यातच जातात.

तुम्हाला सी पुरेसं आहे. सातारा सोलापूरला जायचं डोक्यात असेल तर बी बघा पण मला तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

म्हणजे लायसन्सला ३० हजार आणि वर कंपनी काढायचा नि कागदपत्रांचा खर्च. मग १२ लाख कुठे जातात? ते घरोघरी जातात. बसून एका घराचं गणित करा. साधा ओएनयू, म्हणजे घरात बसवायचा फायबरचा डबा, १३०० ला धरा. शेवटच्या बॉक्सपासून घरापर्यंत ८० मीटर ड्रॉप वायर, ७ रुपयाने ५६०. कनेक्टर, पॅचकॉर्ड, छोटा बॉक्स मिळून १४०. स्प्लिटर (एका फायबरचे अनेक घरांसाठी फाटे करणारा) आणि मेन केबलचा त्या घराच्या वाट्याचा खर्च ५००. लाईनमनची मजुरी ३००. झाले २८००. आणि आज धायरीत कोण इन्स्टॉलेशनचे पैसे देतं? समोरचा फ्री देतोय म्हणून तुम्हालाही फ्री द्यावं लागतं. ५०० घरं म्हणजे १४ लाख. मशिनरीचे ३ लाख ४० हजार वेगळे, बँडविड्थवाल्याचं डिपॉझिट वेगळं. तुमचे १२ लाख साधारण तीनशे घरांना संपतात, आणि हे दर महिन्याचा खर्च धरायच्या आधी. तुमची आत्ताची १६० पण यात आली, कारण त्यांच्या घरातले ओएनयू बहुतेक कंपनीचे असणार, निघताना ते परत द्यावे लागतील. ॲग्रीमेंट काढून वाचा, ओएनयू कोणाचे आणि मेन केबल कोणाची हे दोन्ही त्यात काय लिहिलंय ते मला कळवा.

आता महिन्याचं. समजा दोन वर्षांनी ५०० कनेक्शन झाली, सरासरी प्लॅन ५०० रुपये. ग्राहक ५९० देतो पण त्यातले ९० जीएसटीचे, ते आपले नाहीतच, त्याला हात लावला की संपलं (मी बघितलेत असे, जीएसटीच्या पैशात ओएलटी, म्हणजे ऑफिसातलं मेन फायबर मशीन, घेतलेले, नंतर व्याज भरत बसलेले). तर जमा अडीच लाख. त्यातून लायसन्स फी ८ टक्के, २० हजार. बँडविड्थ तुमच्या कोटेशनचे ८५ हजार. तीन लाईनमन १८ हजाराने ५४ हजार, फोन आणि रिचार्ज बघायला एक मुलगी १४ हजार, ऑफिसचं भाडं १५, लाईट आणि बॅटरी ८, पेट्रोल ९, बिलिंग सॉफ्टवेअर आणि लॉगचा म्हणजे वापराच्या रेकॉर्डचा सर्व्हर ६, सीए ६, आणि तुटफूट १२ हजार. बेरीज २ लाख २९ हजार. उरले २१ हजार. यात तुमचा पगार धरलेला नाही, कर्जाचा हप्ता धरलेला नाही. त्या महिन्यात ३० जणांनी गावाला गेलोय म्हणून रिचार्ज केलं नाही तर १५ हजार तिथेच गेले, हातात सहा. दागिने ठेवून याचा हप्ता भरायचा म्हणजे काय होईल ते तुम्हीच बघा.

आता हेच ५०० फ्रँचायजीत ठेवून बघा. निम्मे म्हणजे १ लाख २५ हजार तुमचे. बँडविड्थ नाही, लायसन्स फी नाही, लॉग नाही. माणसं, ऑफिस, पेट्रोल, तुटफूट आणि थोडी लाईट मिळून १ लाख ७ हजार. उरले १८ हजार. म्हणजे ५०० ला दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, फक्त एकीकडे तुमचे १७-१८ लाख अडकलेले आणि रात्रीची झोप गेलेली.

१००० ला मात्र चित्र बदलतं. जमा ५ लाख, फी ४० हजार, २ जीबीपीएस दीड लाखात मिळेल असं धरू कारण जास्त घेतलं की रेट उतरतो, पाच लाईनमन ९०, ऑफिसला दोघी २८, बाकी भाडं लाईट पेट्रोल सॉफ्टवेअर सीए तुटफूट मिळून ८४. खर्च ३ लाख ९२ हजार, उरले १ लाख ८ हजार. फ्रँचायजीत तेवढ्याच कनेक्शनवर मी काढलं तर ७२ हजार येतात. फरक ३६ हजारांचा. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या भागातले टाकून परत करा, पण बेरीज करायची पद्धत हीच ठेवा.

आणि आज १६० वर लायसन्स घेतलं तर? जमा ८० हजार आणि बँडविड्थच ८५ हजार. मला पत्र वाचताना याचीच भीती वाटली. बरं, १६० ला १ जीबीपीएस लागत पण नाही. आमचा अनुभव असा की रात्री ९ ते ११ मधे माणशी सव्वादोन एमबीपीएसच्या आसपास धरलं की निभतं, प्लॅन १०० चा असला तरी, कारण सगळे एकाच सेकंदाला ओढत नाहीत. १६० ला ३६० एमबीपीएस. आयपीएलच्या दिवशी थोडं वर. म्हणून विकणारा १ जीबीपीएस म्हणतो तेव्हा त्याला ४०० सांगा आणि लागेल तसं वाढवायचा रेट आधीच लेखी घ्या. बँडविड्थ कुठून येते तेही विचारा. समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात, डी-सिक्स, एक्स्ट्रीम आणि निक्सीचे मोठे एक्स्चेंज (जिथे कंपन्यांची नेटवर्क एकमेकांना जोडतात) मुंबईत, त्यामुळे पुण्याच्या छोट्या कंपनीला बहुतेक मुंबईहून ओढून आणलेलंच मिळतं. यूट्यूब नेटफ्लिक्स इन्स्टाचा कॅश (त्यांचे व्हिडिओ जवळच साठवून ठेवणारा सर्व्हर) त्यांच्याकडे आहे का, आणि त्याचा रेट साध्या इंटरनेटपेक्षा वेगळा लावतात का, याचं उत्तर कोटेशनमधे पाहिजे, तुमच्या कोटेशनमधे ती ओळच नाहीये.

मशिनरीबद्दल. ८ पोर्टचा ओएलटी आणि पोर्टला ६४, म्हणजे कागदावर ५१२ घरं. जीपॉनच्या, म्हणजे फायबर घरोघरी वाटायच्या या पद्धतीच्या, एका पोर्टला खाली येणारा वेग जवळपास २.५ जीबीपीएस, तो ६४ जणांत वाटला तर माणशी ३९ एमबीपीएस येतो, म्हणून एका पोर्टवर ४० च्या पुढे जाऊ नका, पुढच्या वर्षी जागा लागते. आणि कोटेशनमधला तो सगळ्यात स्वस्त ओएलटी घ्यायच्या आधी थांबा. १५ जून २०२१ पासून लायसन्सधारकाला ट्रस्टेड सोर्सचीच, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या ठिकाणचीच, मशिनरी नेटवर्कमधे लावायची अट आहे, त्याचं वेगळं पोर्टल आहे. फ्रँचायजीत ही डोकेदुखी कंपनीची असते, लायसन्स घेतलं की तुमची.

आता जे कोणी कोटेशनमधे लिहीत नाही ते सांगते, कंप्लेंटचा खर्च.

नऱ्ह्यात तिसऱ्या मजल्यावर आमचं एक गिऱ्हाईक होतं. पाऊस आला की नेट बंद, ओएनयूवर लाल दिवा. पाऊस थांबला की चालू. कोणीही म्हणेल जॉइंट बॉक्समधे पाणी जातंय. पहिल्या दिवशी आमच्या मुलाने ओएनयू बदलला. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावरचा जॉइंट बॉक्स उतरवून सगळं परत स्प्लाइस केलं, म्हणजे फायबर नव्याने जोडल्या, त्यात दुपारभर बाकीची बारा घरं बंद, त्यांचे फोन मी घेत होते. तिसऱ्या वेळी पाऊस चालू असतानाच मिस्टर स्वतः गेले. पॉवर मीटर लावला तर उणे २९ डीबीएम (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद, उणे आकडा मोठा तितका सिग्नल कमी). आजी म्हणाल्या अहो खिडकी उघडू का जरा, कोंदट होतंय, आणि खिडकी सरकवल्याबरोबर मीटरवर उणे २१. ड्रॉप वायर सरकत्या खिडकीच्या रुळातून आत घेतलेली, पाऊस आला की आजी खिडकी लावायच्या आणि वायर दाबली जायची. एवढंच होतं! तीन फेऱ्या, एक चांगला ओएनयू उगाच बदललेला, बारा घरांची दुपार, आणि ५०० रुपयांच्या प्लॅनवर तुम्ही त्या घराकडून वर्षभर काय कमावणार ते बघा.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. खिडकीतून वायर आत घ्यायची नाही, भिंतीला ड्रिल मारून भोक, वायर वाकवायला चालणारी म्हणजे जी.६५७ ए२ ची, आणि कनेक्शन दिल्यावर मीटरचं रिडिंग गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर लिहायचं. ओएलटीतून साधारण अधिक ४ निघतं, एक बाय आठचे दोन स्प्लिटर एकापाठोपाठ लावले तर २१ जातात, तीन किलोमीटर फायबरला १, जोड नि कनेक्टरला २, म्हणजे घरात उणे २० च्या आसपास यायला पाहिजे. कोणी उणे २५ ला चालतंय ना म्हणून सोडून आला तर ती पुढच्या पावसाळ्याची कंप्लेंट आहे. ओएनयू उणे २७ च्या पुढे तग धरत नाही.

म्हणून मी नेहमी विचारते, एका बिल्डिंगमधे किती? बिल्डिंगपर्यंत मेन केबल न्यायला, स्प्लिटर बॉक्स लावायला, वॉचमन कमिटी सगळ्यांशी बोलायला जो खर्च येतो तो ४० फ्लॅटमधे ४ कनेक्शन असली तरी तेवढाच आणि १२ असली तरी तेवढाच. कंप्लेंटला गेलेला माणूस पण एका फेरीत तीन घरं बघून येतो. तुमची १६० कनेक्शन किती बिल्डिंगमधे पसरलीत ते पत्रात नाही. एक वही घ्या, बिल्डिंगप्रमाणे लिहा, एकूण फ्लॅट किती, वडिलांची केबल किती, नेट किती. जिथे वडिलांची ओळख आहे तिथे १० चे १५ करणं हे नवीन एरियात जाऊन पहिलं कनेक्शन मिळवण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. २२ वर्षं ज्यांच्या घरात ते बूट काढून गेलेत ती माणसं हेच तुमचं भांडवल आहे, मोठ्या कंपनीकडे ते नाहीये.

रस्त्याचं. धायरी २०१७ ला महापालिकेत आली, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या वेळची बोलाचाली आता चालत नाही. उघडी खोदाई करून डक्ट टाकायचा विचार डोक्यातून काढा, खाजगी कंपनीला पालिकेचा खोदाईचा दर रनिंग मीटरला १२ हजारांच्या वर, म्हणजे एक किलोमीटरला सव्वा कोटीच्या आसपास, वर पावसाळ्याचे महिने खोदाई बंद. छोट्या माणसाला दोनच रस्ते, ज्यांनी आधी डक्ट टाकलाय त्यांच्याकडून डार्क फायबर, म्हणजे त्यांची रिकामी पडलेली फायबर, भाड्याने, नाहीतर परवानगी घेऊन खांबावरून. राइट ऑफ वेचे, म्हणजे रस्त्यावरून वायर नेण्याच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, परवानगी लेखी घ्या. परवानगी नसलेली लोंबती वायर कधी उतरवली जाईल सांगता येत नाही, गणपतीच्या आधी मिरवणुकीच्या रस्त्यांवर तर हमखास, रथाला उंची लागते. खांबावरून जाल तिथे वायर ताणून, उंच, आणि स्वतःच्या नावाचा टॅग लावून. आमची एक वायर ढिली राहिलेली, भूमकर चौकाकडे एका कंटेनरने ओढून नेली, ९० घरं रात्री ११ पर्यंत बंद. चूक आमचीच होती, ताण तपासायचा राहिला होता. त्या रात्री जे शिकलो त्यातून दोन रस्त्यांनी येणारी मेन केबल टाकली, धायरीत तुमच्याकडे असा दुसरा रस्ता कुठून येईल तो आत्ताच शोधून ठेवा. आणि गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते तेव्हा ओएलटीला निदान सहा तासांची बॅटरी पाहिजे, घरी इन्व्हर्टर असलेले लोक वर्क फ्रॉम होम करत असतात, त्यांना नेट चालूच पाहिजे.

एक गोष्ट लोक अगदी शेवटी विचारतात ती मी मधेच घुसवते. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. भारतात आयपी वाटणाऱ्या आयआरआयएनएनकडे अर्ज करून एएस नंबर (आपल्या नेटवर्कची ओळख) आणि आयपी मिळतात, पण आयपीव्ही४ म्हणजे जुन्या पद्धतीचे आता संपत आलेत, नव्या माणसाला २५६ किंवा फार तर ५१२. मग सीजीनॅट लावायचं, म्हणजे एका पब्लिक आयपीमागे बरीच घरं. माणशी १०२४ पोर्ट (आयपीखालचे नंबर, ओएलटीचे पोर्ट वेगळे) दिले तर एका आयपीवर ६४ घरं बसतात, ५०० ला आठ आयपी पुरतात. पण मग कोणत्या मिनिटाला कोणता पोर्ट कोणाकडे होता याचं रेकॉर्ड ठेवावं लागतं, आणि ते दोन वर्षं, डिसेंबर २०२१ ला एक वर्षाचं दोन केलं. आम्हाला पहिलं पत्र आलं एका पोलीस स्टेशनमधून, त्यात आयपी, तारीख आणि वेळ. मी बघितलं तर त्या वेळी त्या आयपीमागे ५७ घरं. ५७ नावं लिहून पाठवायची? त्यातली ५६ माणसं निर्दोष! मी त्या साहेबांना फोन करून सांगितलं की सोर्स पोर्ट मागवून घ्या, त्यांनी मागवला, आणि एकच नाव निघालं. आमच्याकडे लॉग होता म्हणून हे झालं. लॉगच्या सर्व्हरचे पैसे वाचवू नका. आणि आयपीव्ही६ म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पहिल्या दिवसापासून चालू करा, त्याला तुटवडा नाही आणि सीजीनॅटवरचा निम्मा भार उतरतो.

लायसन्स फी तिमाहीला भरायची असते, पहिल्या तीन तिमाह्यांना पंधरा दिवस मिळतात पण जानेवारी ते मार्चची फी २५ मार्चपर्यंतच, तिमाही संपायच्या आधी अंदाजाने. पहिल्या वर्षी सगळे इथेच चुकतात. कमाई शून्य असली तरी स्टेटमेंट भरावं लागतं.

तर तुमच्या जागी मी असते तर असं करीन. फ्रँचायजी सोडणार नाही. कंपनीला लेखी देऊन कंप्लेंटची वेळ ठरवून घेईन, आणि नाही ऐकलं तर दुसऱ्या कंपनीची फ्रँचायजी बघेन, तुमच्यासारख्या ऑपरेटरला बाजारात मागणी आहे. १२ लाखातले ५ बाजूला, त्यातून वडिलांच्या ३४० घरांपैकी जिथे नेट नाही तिथे स्वतःच्या पैशाची, स्वतःच्या नावाची फायबर आणि स्प्लिटर. ॲग्रीमेंटमधे लिहून घ्यायचं की ही वायर माझी. एक स्प्लायसिंग मशीन आणि पॉवर मीटर स्वतःचं, भाड्याने आणून काम करणाऱ्याची कंप्लेंट कधी त्याच दिवशी सुटत नाही. मधल्या काळात प्रायव्हेट लिमिटेड काढून ठेवायची, ती स्वस्त आहे. कनेक्शन पाचशेच्या पुढे गेली, आणि सलग सहा महिने सोडून जाणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त राहिले, की सी कॅटेगरीचा अर्ज. तेव्हा वायर तुमची असेल, माणसं तुमची असतील, बदलायचा फक्त ओएलटी आणि ओएनयू, आणि उरलेले ७ लाख त्याला हात द्यायला असतील. वडिलांना वही दाखवा, त्यांना प्रत्येक बिल्डिंगमधलं कोण कोण राहतं ते माहीत असणार.

प्रश्न: सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे, एमपीएससीची ६० मुलं बसतात. सगळ्यांना वायफाय पाहिजे, पण फुकट दिलं तर मला परवडत नाही. मुलांकडून थोडे पैसे घेतले तर मलाही लायसन्स लागेल का?

उत्तर: तुमच्यासाठी सरकारची पीएम-वाणी योजना आहे, डिसेंबर २०२० ची. त्यात तुम्ही पीडीओ म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस होता, जुन्या एसटीडी पीसीओसारखंच समजा. पीडीओला लायसन्स नाही, रजिस्ट्रेशन फी नाही. तुम्ही कुठल्यातरी पीडीओए कंपनीशी (अनेक पीडीओ एकत्र सांभाळणारी) जोडून घ्यायचं, ओटीपी, लॉगिन, रेकॉर्ड सगळं ती बघते, मुलं ॲपवरून दिवसाचं किंवा महिन्याचं व्हाउचर घेतात. लाईन घेताना कंपनीने तुम्हाला महागडी लीज्ड लाईनच घ्या असं सांगितलं तर सांगा की २०२५ मधे ट्रायने ठरवलंय, पीडीओला २०० एमबीपीएसपर्यंतची लाईन घरगुती प्लॅनच्या दुप्पट दरापेक्षा महाग विकता येत नाही.

६० मुलांना एक घरगुती राउटर पुरणार नाही, तो २५-३० फोनला दम टाकतो. दोन ॲक्सेस पॉइंट लावा, एक वाचनाच्या हॉलमधे छताला आणि एक जिन्यालगतच्या खोलीत, दोन्हीकडे लॅन वायर ओढून. पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत दीड दोन फुटाची असते, ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिच्यातून जात नाही, त्यामुळे वायरचे पैसे वाचवायला रिपीटर घेऊ नका. व्हाउचरचा दर दिवसाला ५ रुपये ठेवून महिनाभर बघा किती मुलं घेतात, मग लाईन वाढवायची का ते ठरवा.